दोन परके विजेते

पोर्तुगालच्या पहिल्या श्रेणीच्या फुटबॉल लीगचा सगळा हिशेब चार ओळींत मावतो. १९३४-३५ पासून २०२४-२५ पर्यंत ९१ हंगाम झाले. त्यातली ३८ जेतेपदं बेन्फिकाची, ३० पोर्तोची, २१ स्पोर्टिंगची. उरली दोन. एक १९४५-४६ मध्ये लिस्बनच्या बेलेनेन्सेसने मिळवलं आणि दुसरं २०००-०१ मध्ये पोर्तो शहरातल्या बोआव्हिस्ताने. नव्वद वर्षांत या तिघांच्या हातून चषक फक्त दोनदा सुटला.

हा आकडा फुटबॉलप्रेमींना तोंडपाठ असतो. त्याच्या पुढची गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. बेलेनेन्सेसला २०१८ मध्ये लिस्बन जिल्ह्याच्या सगळ्यात खालच्या श्रेणीतून पुन्हा सुरुवात करावी लागली. बोआव्हिस्ता २०२५ मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या बाहेर फेकला गेला आणि पोर्तो जिल्हा संघटनेच्या स्पर्धेत जाऊन पडला. म्हणजे तिघांची मक्तेदारी मोडणारे क्लब या देशात दोनच झाले आणि ते दोघेही देशोधडीला लागले. याला निव्वळ योगायोग म्हणणं मला पटत नाही. लीगचा पैसा कसा वाटला जातो आणि क्लबची मालकी कुणाकडे जाते, याची उत्तरं त्यात आहेत. दूरचित्रवाणीच्या हक्कांचा पैसा एकत्र करून वाटण्याचा जो कायदा पोर्तुगालने २०२१ मध्ये केला, तो न लांबवता आणि पातळ न करता अमलात आणला पाहिजे. आणि पैशाच्या वाटपाबरोबर मालकीचीही शिस्त लावली पाहिजे. नाहीतर तिसरा परका विजेता आपल्या हयातीत दिसणार नाही आणि दिसलाच तरी तो टिकणार नाही.

आधी तो २०००-०१ चा हंगाम नीट पाहू, कारण आज त्याची आठवण एखाद्या चमत्कारासारखी काढली जाते. तो चमत्कार नव्हता. जाइमे पाशेको हे पोर्तो आणि स्पोर्टिंग दोन्हीकडून खेळलेले मधल्या फळीतले कसलेले खेळाडू. त्यांच्या हाताखाली बोआव्हिस्ता १९९८-९९ मध्येच दुसरा आला होता. गोलमध्ये रिकार्दो, बचावात लितोस आणि पेद्रो एमानुएल, त्यांच्यापुढे रुई बेंतो आणि पेतित, चेंडू घेऊन डोकं चालवायला बोलिव्हियाचा एर्विन सांचेझ आणि पुढे ब्राझीलचा सिल्वा. हा संघ डोळ्यांना सुखावणारा नव्हता. तो अंगावर यायचा, प्रतिस्पर्ध्याला चेंडू घेऊन वळू द्यायचा नाही. लिस्बनच्या मंडळींनी त्यांना धसमुसळे म्हणून हिणवलं. ३४ सामन्यांत त्यांनी २३ जिंकले, ८ बरोबरीत सोडवले, ३ हरले. अंगावर गोल फक्त २२ घेतले. एवढा काटेकोर बचाव हंगामभर टिकवायला कसून मेहनतच लागते, तिथे नशीब पुरत नाही.

सप्टेंबर २००० मध्ये बेन्फिकाने जोझे मोरिन्यो नावाच्या नवख्या प्रशिक्षकाला संधी दिली. त्याचा पहिलाच सामना बोआव्हिस्ताच्या बेसा मैदानावर झाला आणि बेन्फिका १-० ने हरला. पुढे क्लबच्या निवडणुकीत अध्यक्ष बदलला आणि डिसेंबरमध्ये मोरिन्यो बाहेर पडला. त्या हंगामात बेन्फिका सहावा आला. त्याच्या इतिहासातलं ते सगळ्यात खालचं स्थान. आदल्या वर्षीचा विजेता स्पोर्टिंगही हंगामाच्या मध्यावर प्रशिक्षक बदलत बसला होता. उरला पोर्तो. १८ मे २००१ ला बेसावर बोआव्हिस्ताने देस्पोर्तिवो दास आवेसला ३-० ने हरवलं आणि एक फेरी बाकी असतानाच जेतेपद पक्कं केलं. शेवटच्या फेरीत पोर्तोने आपल्या आन्तास मैदानावर त्यांना ४-० ने झोडपलं, पण तोवर निकाल लागून गेला होता. गुणतक्त्यात बोआव्हिस्ता ७७, पोर्तो ७६. एका गुणाचं अंतर.

इथे एक गोष्ट बाजूला ठेवून पुढे गेलो तर तो अप्रामाणिकपणा होईल. बोआव्हिस्ताचे अध्यक्ष तेव्हा जोआंव लौरेरो होते आणि पूर्ण लीगचे अध्यक्ष होते त्यांचे वडील व्हालेन्तिम लौरेरो. घरातल्या घरातच सगळं असताना लोकांना शंका येणार हे उघड आहे, आणि कुठल्याही नीट चालणाऱ्या स्पर्धेत असं असताच कामा नये. पुढे पंचांवर दबाव आणल्याच्या प्रकरणात २००८ मध्ये लीगच्या शिस्तपालन समितीने बोआव्हिस्ताला खालच्या श्रेणीत पाठवलं आणि त्याच प्रकरणमालिकेत पोर्तोचे सहा गुण कापले. ते आरोप २००३-०४ च्या हंगामाबद्दलचे होते, २०००-०१ च्या नव्हे. नंतर ती शिक्षा कार्यपद्धतीच्या मुद्द्यावर रद्द झाली आणि २०१४ मध्ये लीगमधल्या संघांची संख्या वाढवून बोआव्हिस्ताला परत घेण्यात आलं. तोवर क्लबची सहा वर्षं खालच्या श्रेणींत गेली होती. बोआव्हिस्ता धुतल्या तांदळासारखा होता असं मी म्हणणार नाही. पण त्या मैदानावर पेतितने जे टॅकल केले ते त्यानेच केले. आणि एकाच प्रकरणात एका क्लबचे सहा गुण जातात, तर दुसऱ्याची अख्खी सहा वर्षं, यातला फरक मला खटकतो.

आता जेतेपदानंतर काय झालं ते पाहा. माझ्या मते खरी गोष्ट इथे आहे. विजेता संघ त्याच उन्हाळ्यापासून फुटायला लागला. रुई बेंतो स्पोर्टिंगला गेला. पेतित २००२ मध्ये बेन्फिकाला, पेद्रो एमानुएल त्याच वर्षी पोर्तोला. रिकार्दो २००३ मध्ये स्पोर्टिंगला. पाठोपाठ आलेल्या पिढीतला बोसिंग्वा २००३ मध्ये आणि राउल मेरेलेस २००४ मध्ये पोर्तोला गेला. याच्याही आधी नव्वदच्या दशकात जोआंव पिंतो आणि नुनो गोमेस हे दोघे बेसावरूनच बेन्फिकाला गेले होते. खेळाडू विकले गेले याची तक्रार नाही. जगभर विकले जातात. पण हे खेळाडू ज्यांच्याशी लढायचं त्याच तीन क्लबांकडे गेले. ज्याने तुम्हाला हरवलं त्याचेच हातपाय विकत घेऊन स्वतःला लावायचे, असा हा व्यवहार. पेद्रो एमानुएल २००४ मध्ये पोर्तोबरोबर युरोपचा विजेता झाला.

तरीही बोआव्हिस्ता लगेच खचला नव्हता. २००१-०२ च्या चॅम्पियन्स लीगमध्ये त्यांनी पहिला गट पार केला आणि दुसऱ्या गटात बायर्न म्युनिक आणि मँचेस्टर युनायटेडशी गाठ घेतली. २००३ मध्ये युएफा कपच्या उपांत्य फेरीत ग्लासगोमध्ये सेल्टिकशी १-१ अशी बरोबरी करून ते बेसावर परतले. बरोबरी झाली तर परक्या मैदानावर केलेला गोल तेव्हा जास्त मोलाचा धरत, म्हणून सामना गोलशून्य राहिला असता तरी ते अंतिम फेरीत गेले असते, आणि अंतिम सामना पोर्तोशी होता. युरोपातली एक अंतिम लढत एकाच शहराच्या दोन क्लबांमध्ये झाली असती. शेवटच्या टप्प्यात हेन्रिक लार्सनने गोल केला आणि ते राहून गेलं. त्याच काळात युरो २००४ साठी बेसा मैदान नव्याने बांधलं जात होतं आणि त्याचं कर्ज क्लबच्या डोक्यावर चढत होतं. उत्पन्न छोट्या क्लबचं आणि मैदान आंतरराष्ट्रीय स्पर्धेचं, हे ओझं त्याला पुढची वीस वर्षं पेलवलं नाही.

हे उत्पन्न छोटं का राहिलं? पोर्तुगालमध्ये प्रत्येक क्लब आपल्या घरच्या सामन्यांचे प्रक्षेपण हक्क स्वतंत्रपणे विकतो. बेन्फिकाने २०१३ पासून आपले घरचे सामने स्वतःच्या वाहिनीवर दाखवायला सुरुवात केली आणि डिसेंबर २०१५ मध्ये नोस या कंपनीशी दहा वर्षांपर्यंतचा ४० कोटी युरोंचा करार जाहीर केला. त्याच महिन्यात पोर्तोने दुसऱ्या दूरसंचार कंपनीशी ४५ कोटी ७५ लाख युरोंचा करार केला. त्यात जर्सीवरची जाहिरात आणि क्लबची वाहिनीही होती. स्पोर्टिंगचा करारही याच रांगेतला. म्हणजे या क्लबांच्या हाती वर्षाला चार कोटी युरो किंवा त्याच्या आसपास पैसा येतो. लीगमधल्या छोट्या क्लबांच्या वाट्याला येणारी रक्कम याच्या पासंगालाही पुरत नाही. एकाच लीगमध्ये, एकाच गुणतक्त्यात, समान नियमांनी खेळणाऱ्या संघांमध्ये हे अंतर आहे.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये पहिल्या आणि शेवटच्या क्लबला लीगकडून मिळणाऱ्या रकमेत दुपटीचंही अंतर नसतं. इटलीने २००८ मध्ये कायदा करून २०१०-११ पासून हक्क एकत्र विकायला सुरुवात केली. स्पेनमध्ये रेआल माद्रिद आणि बार्सेलोना वर्षानुवर्षं स्वतंत्र करार करून बाकीच्यांना चिरडत होते. २०१५ मध्ये सरकारने फर्मान काढून ते थांबवलं. तिथे पहिल्या श्रेणीच्या रकमेतला अर्धा भाग सगळ्यांना सारखा मिळतो, उरलेला कामगिरी आणि लोकांमधला पाया पाहून. सर्वाधिक आणि सर्वात कमी वाटा यांच्यातल्या अंतरालाही कायद्याने मर्यादा घातली आहे. सुरुवातीला ती साडेचार पटींची होती. यानंतर स्पेनचे मोठे क्लब बुडाले का? रेआल माद्रिदने त्यानंतर चॅम्पियन्स लीग पाच वेळा जिंकली.

पोर्तुगालच्या सरकारने मार्च २०२१ मध्ये असाच कायदा केला. उशिरात उशिरा २०२८-२९ च्या हंगामापासून पहिल्या दोन श्रेणींचे हक्क एकत्रित विकायचे. मुदत एवढी लांब ठेवण्यामागे जुने करार संपू द्यायचे हे कारण होतं आणि ते रास्तही होतं. पण लांब मुदतीत पाय मागे घ्यायलाही भरपूर वेळ मिळतो. बेन्फिकाने २०२५ मध्ये या प्रक्रियेवर उघड हरकत घेतली. त्यांचं म्हणणं असं की आमच्याशिवाय या हक्कांना किंमत काय, आणि आज मिळतं त्यापेक्षा कमी आम्ही का घ्यावं.

या म्हणण्यात तथ्य आहे, ते नाकारू नये. पोर्तुगालचे बहुसंख्य फुटबॉलप्रेमी या तिघांपैकी एकाचे समर्थक असतात. ब्रागाजवळच्या एखाद्या गावातला माणूस लिस्बनच्या क्लबचा सदस्य असतो. लिस्बनची 'आ बोला' आणि 'रेकॉर्ड' आणि पोर्तोचं 'ओ जोगो' ही देशाची तिन्ही क्रीडा दैनिकं बघा. पहिल्या पानावर रोज बेन्फिका, स्पोर्टिंग, पोर्तो. एखादा क्लब तीन आठवडे न हरता खेळला तर कोपऱ्यात त्याचा एक चौकोन लागतो, आणि त्यातही बातमी बहुतेक हीच की त्यांच्या आघाडीच्या खेळाडूवर तिघांपैकी कुणाची नजर आहे. प्रेक्षक तिघांचे आहेत म्हणून पैसा तिघांचा, आणि पैसा तिघांचा म्हणून संघ तिघांचे, आणि संघ तिघांचे म्हणून पुढच्या पिढीचे प्रेक्षकही तिघांचेच. आज दिसणारी आवड ही नव्वद वर्षांच्या या फेऱ्यातून तयार झालेली आहे. ती आकाशातून पडली नाही, आणि तिला पुन्हा वाटपाचा आधार बनवणं म्हणजे हे वर्तुळ कायमचं पक्कं करणं.

आणि बेन्फिकाच्या बाजूने ज्याला कुणाला उत्तर हवं आहे त्याने एवढंच पाहावं की बेन्फिका सामना कुणाशी खेळतो. आखाड्यात एकटा पैलवान कितीही शड्डू ठोको, कुस्ती होत नाही. बेन्फिकाच्या घरच्या सामन्याचं प्रक्षेपण विकलं जातं तेव्हा त्यात पाहुण्या संघाचे अकराजणही धावत असतात. त्यांच्या त्या नव्वद मिनिटांचे पैसे पूर्णपणे यजमानाच्या खिशात जातात.

दुसरा आक्षेप युरोपचा. पैसा वाटला तर आमचे क्लब युरोपात मागे पडतील, असं सांगितलं जातं. पण या तिघांचं युरोपातलं बळ दूरचित्रवाणीच्या पैशावर उभं नाही. ते उभं आहे खेळाडू हेरून, घडवून विकण्यावर. बेन्फिकाने जोआंव फेलिक्सला २०१९ मध्ये १२ कोटी ६० लाख युरोंना विकलं. एन्झो फर्नांडेझला अर्जेंटिनाहून २०२२ मध्ये आणलं आणि जानेवारी २०२३ मध्ये चेल्सीला १२ कोटी १० लाखांना दिलं. एका व्यवहारात तीन वर्षांच्या प्रक्षेपणाचे पैसे. त्यावर युरोपीय स्पर्धांची रक्कम. ज्यांच्याकडे ही दोन दारं सदैव उघडी आहेत, त्यांनी घरच्या लीगच्या रकमेतला थोडा वाटा सोडला तर त्यांची गादी हलणार नाही. छोट्या क्लबला मात्र त्याच रकमेतून एक अख्खं वर्ष काढायचं असतं. आणि घरच्या लीगमध्ये दर आठवड्याला कस लागला तर युरोपात गेल्यावर घाम कमी फुटेल, ही साधी बाबही लक्षात घ्यायला हवी.

मक्तेदारीचा तोटा फक्त चषकात मोजू नये. ती माणसं ओढून नेते. २०१२-१३ मध्ये पासोस द फरेरा या लाकडी फर्निचरसाठी ओळखल्या जाणाऱ्या छोट्या गावाचा क्लब लीगमध्ये तिसरा आला. प्रशिक्षक होते पाउलो फोन्सेका. हंगाम संपला आणि ते पोर्तोचे प्रशिक्षक झाले. पासोसला पुढच्या मोसमात चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीचा 'घरचा' सामना पोर्तोच्याच ड्रॅगाओ मैदानावर खेळावा लागला, कारण स्वतःचं मैदान त्या दर्जाचं नव्हतं. २००९-१० मध्ये ब्रागा दुसरा आला, २०११ मध्ये युरोपा लीगच्या अंतिम फेरीत पोचला, आणि प्रशिक्षक दोमिंगोस पासिएन्सिया स्पोर्टिंगला गेले. २०२० मध्ये ब्रागाचेच रूबेन आमोरिम मार्च महिन्यात, हंगाम चालू असताना, एक कोटी युरो मोजून स्पोर्टिंगने नेले. २०२४-२५ मध्ये आमोरिम मँचेस्टर युनायटेडला गेले तेव्हा स्पोर्टिंगने काही आठवड्यांतच व्हिटोरिया गिमाराइशचे रुई बोर्जेस उचलले. व्हिटोरिया त्या वेळी युरोपात एकही सामना हरला नव्हता. त्या हंगामात स्पोर्टिंग ८२ गुणांनी विजेता झाला, बेन्फिका ८० वर राहिला, आणि शेवटच्या दिवशी स्पोर्टिंगने जेतेपद पक्कं केलं ते याच व्हिटोरियाला हरवून. त्यांचाच प्रशिक्षक नेऊन त्यांनाच हरवलं. लीगच्या नियमांत यात काहीच बेकायदा नाही, आणि तेच मला टोचतं.

गिमाराइशचा उल्लेख झाला म्हणून सांगतो. हे शहर पोर्तुगालमध्ये वेगळं आहे. तिथले लोक आपल्याच शहराच्या क्लबचे असतात, पोर्तो तासाभरावर असूनही. मोठ्या क्लबने पाहुणा म्हणून यावं आणि मैदान पाहुण्याच्या समर्थकांनी भरावं, हे देशातल्या बहुतेक मैदानांवरचं दृश्य तिथे दिसत नाही. तशी आणखी पाच-सहा शहरं असती तर या लेखाची गरज पडली नसती.

आता बेलेनेन्सेस. पैशाच्या वाटपाने सगळं सुटतं असं ज्याला वाटतं त्याने या क्लबकडे पाहावं. मीही त्यामुळेच मालकीचा मुद्दा जोडतो. पोर्तुगालच्या कायद्यानुसार व्यावसायिक फुटबॉल चालवायला क्लबांना एक भागभांडवली कंपनी उभी करावी लागते. तिचे समभाग बाहेरचा गुंतवणूकदार घेऊ शकतो. बेलेनेन्सेसमध्ये कंपनीतला बहुसंख्य वाटा गुंतवणूकदाराकडे गेला आणि मूळ क्लबशी त्याचं बिनसलं. २०१८ मध्ये दोघं वेगळे झाले. कंपनीने पहिल्या श्रेणीतली जागा ठेवली आणि संघ घेऊन लिस्बनबाहेरच्या जामोर मैदानावर गेली. क्लबकडे उरलं रेश्तेलोचं मैदान, छातीवरचा क्रॉस, आणि इतिहास. त्याने सदस्यांच्या जोरावर जिल्ह्याच्या तळापासून नवा संघ उतरवला, आणि लोक त्या तळाच्या सामन्यांना रेश्तेलोवर येत राहिले.

इकडे कंपनीचा संघ कुणाचाच नव्हता. २७ नोव्हेंबर २०२१ ला जामोरवर त्यांचा सामना बेन्फिकाशी होता. कोरोनाची साथ संघात शिरली होती. सामना पुढे ढकलला गेला नाही. मैदानात उतरले नऊ जण आणि त्यातला एक गोलरक्षक चक्क मैदानी खेळाडू म्हणून खेळत होता. मध्यंतरापर्यंत ७-० झालं. दुसऱ्या सत्रात सातच जण परत आले, त्यातला एक लगेच खाली बसला आणि नियमाप्रमाणे किमान सात खेळाडू उरले नाहीत म्हणून पंचांनी सामना थांबवला. एका युरोपीय देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये हे घडलं. तो सामना मुळात खेळवायला नको होता हे सगळ्यांना नंतर कळलं. जिथे संघाच्या मागे सदस्य नाहीत, गाव नाही, तिथे "आम्ही खेळणार नाही" म्हणायला कुणी उभं राहत नाही. त्या हंगामाअखेर तो संघ खाली गेला.

असाच प्रसंग २९ एप्रिल २०१२ ला झाला होता. युनियाव द लेइरियाच्या बऱ्याच खेळाडूंनी पगार न मिळाल्यामुळे करार मोडले आणि फेरेन्सेविरुद्ध क्लबने आठ खेळाडूंनिशी सामना सुरू केला. हाच लेइरिया २०००-०१ मध्ये, बोआव्हिस्ताच्या त्या वर्षी, बेन्फिकाच्या वर पाचवा आला होता. पुढच्या हंगामात मोरिन्यो तिथूनच पोर्तोला गेला. युरो २००४ साठी त्या शहरातही मोठं मैदान बांधलं गेलं होतं.

बोआव्हिस्ताच्या शेवटच्या पर्वातही गुंतवणूकदार होता. लक्झेंबर्ग-स्पेनचे उद्योगपती जेरार्द लोपेझ. फ्रान्सचा बोर्दो क्लबही त्यांच्याच ताब्यात होता. तो २०२४ मध्ये आर्थिक कारणांनी चौथ्या श्रेणीत गेला. बोआव्हिस्तावर थकलेल्या देण्यांमुळे फिफाने नवीन खेळाडू नोंदवण्यावर बंदी घातली आणि खेळाडू घेण्याचे ठरलेले काळ एकामागून एक निघून गेले तरी संघ आहे त्यांच्यावरच चालला. २०२४-२५ मध्ये तो गुणतक्त्यात अठरावा, म्हणजे शेवटचा आला. त्यानंतर दुसऱ्या श्रेणीचा परवानाही मिळाला नाही. चौकटीची काळी-पांढरी जर्सी, जी १९३३ पासून त्या क्लबची ओळख आहे, ती जिल्ह्याच्या मैदानांवर दिसू लागली.

इथे बरेचजण म्हणतात की छोट्या क्लबांनीच आपला कारभार बुडवला, त्यांना आणखी पैसे देणं म्हणजे गळक्या रांजणात पाणी ओतणं. कारभार बुडवला हे खरं आहे. पण ज्या क्लबला पुढच्या वर्षी नेमकं किती मिळणार हे ठाऊक नसतं, जो एका खेळाडूच्या विक्रीवर वर्षभराचा पगार लावतो, तोच धनको म्हणून आलेल्या पहिल्या पाहुण्याला समभाग देऊन मोकळा होतो. निश्चित आणि पुरेसा वाटा असला तर नकार देण्याची ताकद येते. म्हणून दोन्ही गोष्टी एकत्र हव्यात. अर्धी रक्कम सर्वांना सारखी. पहिल्या-शेवटच्या वाट्याचं गुणोत्तर कायद्यात लिहिलेलं, क्लबांच्या वाटाघाटीवर सोडलेलं नाही. दुसऱ्या श्रेणीला ठोस हिस्सा, कारण घसरण झालेला क्लब तिथेच मरतो. आणि त्या बदल्यात पगार थकले की हप्ता थेट खेळाडूंच्या खात्यात, दरवर्षी नाही तर दर तिमाहीला हिशेब, आणि नाव, रंग, मैदान व स्थलांतर यांवर मूळ सदस्यांच्या क्लबचा नकाराधिकार, समभाग कुणाकडेही असोत. बेलेनेन्सेसच्या सदस्यांकडे हा अधिकार असता तर २०१८ मध्ये फाळणी झाली नसती.

गोव्यातल्या वाचकाला यातला एक भाग ओळखीचा वाटेल. २०१६ मध्ये देशाच्या फुटबॉल महासंघाने आय-लीगचं स्थान खाली करून बंद दारांची फ्रँचायझी लीग वर नेण्याची योजना मांडली तेव्हा धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी निषेध म्हणून आय-लीगमधून माघार घेतली. पाच वेळा राष्ट्रीय विजेता झालेला धेंपो एका निर्णयाने बाजूला पडला. तिथे वरचं दार नियमाने लावून घेतलं. पोर्तुगालमध्ये दार उघडं आहे, पण आत जाणाऱ्याचं सामान तिघांनी आधीच वाटून घेतलेलं असतं. गावाच्या क्लबला दोन्हीकडे सारखंच ऐकावं लागतं: तू खेळ, पण वर येऊ नकोस.

या प्रश्नावर निर्णय घ्यायची ताकद खरं तर छोट्यांकडेच आहे. अठरापैकी पंधरा क्लब तिघांच्या बाहेरचे आहेत आणि लीगच्या सभेत ते एकत्र आले तर कुणाची हरकत टिकणार नाही. पण ते एकत्र येत नाहीत, कारण प्रत्येकाला पुढच्या उन्हाळ्यात त्याच तिघांकडून एखादा तरुण खेळाडू उसना हवा असतो, नाहीतर आपला एखादा त्यांना विकायचा असतो. म्हणून वाटपाचं सूत्र मतदानावर सोडणं मला धोक्याचं वाटतं. लोकांनी निवडून दिलेल्या सरकारने २०२१ मध्ये कायदा केला आहे. क्लबांमध्ये सहमती होत नसेल तर गुणोत्तर आणि टक्केवारीही सरकारनेच लिहावी, स्पेनने लिहिली तशी, आणि २०२८-२९ ची तारीख एका हंगामानेही पुढे नेऊ नये.